ठरवून केलेल्या चुका

"मिस्टर टिपेट, तुम्ही घरी कधी चुका करता का?" मिस ओडोनलनी विचारलं.

रसेल टिपेट नगर परिषदेत इमारत-निरीक्षक होता. गावात कोणी जिना बांधला, शेड उभारली, की हा टेप आणि पाणसळ घेऊन हजर. मोजायचं, आणि बरोबर की चूक ते लिहून द्यायचं, एवढंच त्याचं काम. एकवीस वर्षं तो ते करत होता. त्यामुळे हा प्रश्न ऐकून, डॉक्टरांनी सगळ्यांसमोर "तुम्ही आंघोळ करता का" असं विचारल्यासारखं त्याला वाटलं.

"नाही," तो म्हणाला आणि जरा ताठ बसला. ताठ बसणं सोपं नव्हतं. मिस ओडोनलनी त्याला वर्गातलीच खुर्ची दिली होती, आणि ती नऊ वर्षांच्या मुलांच्या मापाची होती. गुडघे हनुवटीला लागत होते.

"मला तीच भीती होती," मिस ओडोनल म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर कागद मांडले. अकरा कागद. प्रत्येकावर वरती 'हेटी टिपेट' आणि तारीख, असं अक्षर की छापल्यासारखं. त्याखाली काहीही नाही.

"शाळा सुरू होऊन पाच आठवडे झाले. मी तिला विचारलं, हेटी, तुला उत्तरं येत नाहीत का? म्हणाली, येतात. मग लिहिली का नाहीस? म्हणाली, लिहिली की चुकतात."

रसेल कागदांकडे बघत राहिला. अक्षराचा अभिमान वाटावा की काय वाटावं, त्याला कळेना.

"आणि यंदा प्रदर्शनात वाळूची बशीसुद्धा करणार नाही म्हणते," मिस ओडोनल पुढे म्हणाल्या. हे मात्र खरंच गंभीर होतं. मार्चातल्या शेतकी प्रदर्शनात गावातलं प्रत्येक मूल वाळूची बशी ठेवतं. बशीत ओली वाळू भरायची, त्यात फुलं खोचायची, वाळू दिसता कामा नये. ज्याला धड चालता येत नाही असं पोरसुद्धा कोणाच्या तरी कडेवर बसून दोन झेंडू खोचतं.

"मिस्टर टिपेट, तिने एक गोष्ट पूर्ण करायला हवी. एकच. चुकांसकट. आणि चार लोकांसमोर टेबलावर ठेवून द्यायला हवी. नाहीतर मला तिला तज्ज्ञांकडे पाठवायचा फॉर्म भरावा लागेल, आणि तिथली यादी आठ महिन्यांची आहे."

"मी काय करू?"

"मुलं बघून शिकतात. तुम्ही तिच्यासमोर चुका करा. लहान लहान. आणि शांतपणे म्हणा, चुकलं, हरकत नाही."

रसेलने खिशातून वही काढली. "किती?"

"काय किती?"

"दिवसाला किती चुका?"

मिस ओडोनलनी त्या वहीकडे पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "तीन. सुरुवातीला."

रसेल घरी निघाला. असल्या गोष्टी त्याची बायको फिओना बघायची. फिओनाला जाऊन सात महिने होत आले होते, आणि शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्या अजून तिच्याच नावाने यायच्या. त्या उघडायच्या, वाचायच्या आणि बरोबर काय ते करायचं, हे सगळं आता त्याच्याकडे आलं होतं. त्यात आता चूकही बरोबर करायची होती.

सोमवारी त्याने पाव करपवला. करपवणंसुद्धा वाटतं तेवढं सोपं नसतं. टोस्टरचा खटका तीनवरून सहावर न्यायचा, हेटी टेबलाशी आल्यावरच दाबायचा आणि धूर निघेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभं राहायचं.

"अरेच्चा," रसेल म्हणाला. "चुकलं. हरकत नाही."

हेटी उठली, तिने खटका तीनवर आणला आणि सुरीने काळा भाग खरवडला. "डॅड, तू सहावर ठेवला होतास."

"हो का? हरकत नाही."

"आपण तीनवर ठेवतो."

दुसरी चूक चहात मीठ. हा चहा त्याला सबंध प्यावा लागला, कारण ओतून टाकला तर शांतपणा कुठे राहिला? तिसरी चूक मोज्यांची: एक निळा, एक राखाडी. हरकत नाही म्हणून तो ते घालून कचेरीत गेला, आणि दिवसभर पँट खाली ओढत हिंडला. संध्याकाळी वहीत तिन्ही चुकांपुढे बरोबरची खूण करताना त्याला बरं वाटलं. निदान काम चोख झालं होतं.

दुसऱ्या आठवड्यात त्याने कचऱ्याच्या डब्याची चूक केली. त्यांच्या रस्त्यावर एका आठवड्याला पिवळ्या झाकणाचा डबा बाहेर ठेवायचा, एका आठवड्याला लाल. पिवळ्याचा आठवडा होता, रसेलने लाल ठेवला. हेटीच्या नजरेस पडेल अशा बेताने, फाटकाशी. त्याला जे माहीत नव्हतं ते असं की कुठला आठवडा आहे हे त्या रस्त्यावर कोणीच लक्षात ठेवत नसे. सगळे रसेल टिपेटच्या फाटकाकडे बघत. आठ वाजता गाडी आली तेव्हा तेवीस लाल डबे रांगेत उभे होते. गाडी एकही न उचलता निघून गेली, आणि दुपारी साउथलँडचा तो डबे आडवे करणारा वारा सुटला.

संध्याकाळी शेजारचा आर्ची मॅकलीश कुंपणावर कोपर टेकून उभा राहिला. आर्चीने सारा जन्म मेंढ्यांची लोकर कातरण्यात घालवला होता आणि आता तो लोकांना सल्ले देत असे. "रस, लेका," तो म्हणाला, "माझ्या गुलाबात कोणाचा तरी जुना लंगोट अडकलाय. तू चुकलास."

"चुकलं खरं," रसेल म्हणाला. हेटी मागे उभी होती. "हरकत नाही."

"तुला नसेल," आर्ची म्हणाला.

आणि हेटी? ती शांतपणा शिकत होती असं रसेलला वाटत होतं. ती काही बोलत नव्हती म्हणून. मग एके सकाळी तो उठला तर ती स्वयंपाकघरात आधीच उभी. शेगडीचे खटके तपासत होती. टोस्टरवर कागद चिकटवलेला: 'तीन'. साखरेच्या डब्यावर: 'ही साखर'. दाराशी त्याच्या बुटांशेजारी मोज्यांची जोडी, एकाच रंगाची, एकमेकांत गुंडाळलेली.

"कधी उठलीस?"

"साडेपाचला," हेटी म्हणाली. "गाडीचे दिवे पण बघितले. बंद आहेत." तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. रसेलने वही उघडली, त्या दिवशीच्या तीन चुका वाचल्या आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, यात कुठेतरी खरीच चूक होते आहे. पण मिस ओडोनलनी तीन म्हणून सांगितलं होतं. त्याने दोन केल्या.

गुरुवारी समोरची आंटी हुइया आली. तिला सगळा रस्ता आंटी म्हणायचा, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला आर्चीसुद्धा. तिच्या हातात चीज रोलचं ताट होतं आणि मागे आर्ची होता. चीज रोल आणि आर्ची एकत्र आले की कोणाकडे तरी काहीतरी वाईट झालेलं असतं.

"रसेल, बाळा, बस," आंटी हुइया त्याच्याच घरात त्याला म्हणाली. "हेटी माझ्याकडे आली होती. म्हणाली, डॅडचं काहीतरी बिघडत चाललंय."

"माझ्या भावाचं असंच सुरू झालं," आर्ची म्हणाला. "लॅकलनचं. आधी मोजेच. मग एके दिवशी चर्चच्या पाहुण्याला मांडीत आडवा घेऊन लोकर कापायला बसला."

"गप रे. रसेल, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"तारीख?"

रसेलने तारीख सांगितली, महिना सांगितला, आणि विचारली नव्हती तरी समुद्राच्या भरतीची वेळही सांगितली. आंटीने आर्चीकडे पाहिलं. "सगळं बरोबर सांगतोय."

"लॅकलनला पण तारखा यायच्या."

"अहो, मी मुद्दाम करतोय!" रसेल म्हणाला. आवाज खाली ठेवला होता, कारण हेटी पलीकडच्या खोलीत होती. "मला काही झालेलं नाही. मी चुका ठरवून करतो. वहीत लिहून." आणि पुरावा म्हणून त्याने वही पुढे केली.

दोघांनी वही पाहिली. सोमवार: पाव, चहा, मोजे. मंगळवार: दूध कपाटात, चष्मा फ्रिजमध्ये, दार उलट्या बाजूने ढकलणे. प्रत्येकापुढे खूण.

आर्चीने वही हळूच मिटली. मग आंटीने त्याच्या हातावर हात ठेवला. "खा, बाळा. गरम आहेत तोवर खा."

आर्चीची भाची परिषदेच्या खिडकीवर बसायची. त्यामुळे सोमवारी रसेलचे साहेब, मर्डॉक, यांनी त्याला बोलावून घेतलं आणि दार लावलं. परिषदेत दार लावतात ते कोणी मेलं तर किंवा फॉर्म असेल तर. फॉर्म होता. वर लिहिलं होतं, 'कर्मचारी स्वास्थ्य विचारणा'.

"काही नाही रे, नुसती पद्धत," मर्डॉक म्हणाले.

रसेल चौथ्या प्रश्नावर अडला. 'अलीकडे आपल्या हातून नेहमीपेक्षा जास्त चुका होतात का? होय / नाही.'

"मुद्दाम केलेल्या धरायच्या का?"

"काय?"

"यात 'मुद्दाम' असा रकाना नाही."

"नाही बुवा."

"मग घालून घ्या."

"रकाना घालायचा तर फॉर्म वरती पाठवावा लागेल, रस. वरती गेला की तो जून महिन्यात परत येतो."

रसेल प्रामाणिक माणूस. त्याने 'होय'वर खूण केली आणि समासात बारीक अक्षरात खुलासा लिहिला. तो समासात मावला नाही, म्हणून पानाच्या कडेने फिरवत वर नेला आणि पाठीमागे संपवला. दुसऱ्या दिवशी कळलं की 'फॉर्म नीट भरता आला नाही' ही स्वतंत्र नोंद असते, आणि ती झाली की नियमाप्रमाणे निरीक्षकाने मागच्या आठ महिन्यांत तपासलेली सगळी बांधकामं दुसऱ्या गावचा निरीक्षक पुन्हा तपासतो.

"खुशाल तपासा," रसेल म्हणाला. अपमान झाला होता, पण त्या अपमानात त्याला थोडी मजाही वाटत होती. एकवीस वर्षांत एक मिलिमीटर सापडणार नाही. मग मर्डॉक काय तोंडाने बोलतील, याची वाक्यं त्याने मनात तयार केली.

पुढच्या आठवड्यात बुधवारी पत्र आलं. एकशे चौदा बांधकामं तपासली. एकशे तेरा बरोबर. एका घराच्या मागच्या लाकडी ओट्याचा कठडा एक हजार मिलिमीटर हवा, तो नऊशे ऐंशी भरला. मंजुरीवर सही आर. टिपेट. तारीख एकवीस ऑगस्ट.

रसेलने तारीख पुन्हा वाचली. मग पत्राची घडी घातली, ती डब्यात सँडविचच्या खाली ठेवली आणि गाडीत जाऊन बसला. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तो तिथेच होता. सँडविच तसंच राहिलं.

संध्याकाळी हेटीने विचारलं, "डॅड, आज काही चुकलं?" ती हल्ली रोज विचारायची.

"काही नाही," रसेल म्हणाला. ही थाप वहीत लिहिलेली नव्हती.

प्रदर्शन शनिवारी, आणि बश्या शुक्रवारी सात वाजेपर्यंत सभागृहात द्यायच्या होत्या. गुरुवारी रसेलने शेवटचा उपाय केला. तो म्हणाला, "यंदा मीही वाळूची बशी ठेवणार. मोठ्यांच्या गटात."

हेटीचा घास हातातच राहिला. "तू?"

"हो."

"एकटा?"

"तू नाही म्हणतेस, मग एकटाच."

हेटीने बराच विचार केला. चष्मा फ्रिजमध्ये ठेवणारा माणूस फुलं कुठे खोचेल याचा भरवसा नव्हता. "मी शेजारी बसून एक करीन," ती शेवटी म्हणाली. "तू माझ्याकडे बघून कर. पण माझी द्यायची नाही."

"नाही द्यायची," रसेल लगेच म्हणाला आणि दोघांच्या नावांची प्रवेशकार्डं भरून ठेवली.

वाळूवरून आर्ची आणि आंटी हुइयाचं कुंपणाशी भांडण झालं. आर्चीचं म्हणणं, समुद्राची आणली तर मिठाने फुलं जळतात. आंटीचं म्हणणं, तिच्या आईने साठ वर्षं समुद्राचीच वापरली, जळला तो आर्चीचा मेंदू. शेवटी नदीची वाळू आली आणि आंटीच्या पिठाच्या चाळणीतून चाळली गेली. फुलं सगळ्या रस्त्याने दिली. डेलिया, झेंडू, गुलाब. लंगोट अडकलेल्या झुडपाचेसुद्धा.

शुक्रवारी चार वाजता दोघं स्वयंपाकघरात बसले. रसेलच्या मनात होतं, आपली बशी चांगली गबाळी करायची. पण वाळू थापल्यावर त्याचा हात आपोआप खिशातल्या टेपकडे गेला. त्याने मध्यबिंदू काढला. मग पंचेचाळीस अंशांवर एक झेंडू, असे आठ झेंडू, मधे पांढऱ्या फुलांच्या दोन गोल रांगा. पाऊण तासात बशी झाली. त्यात गबाळं काही नव्हतं. पण सुंदरही काही नव्हतं.

हेटीने तीन वेळा सुरेख केली आणि तिन्ही वेळा उपसली. पहिल्यांदा डेलिया कलला म्हणून. दुसऱ्यांदा रंग पटला नाही म्हणून. तिसऱ्यांदा का ते रसेलला दिसलंच नाही. उपसलेली फुलं माना टाकत होती. सव्वासहा वाजता चौथी बशी झाली, आणि फुलं संपली तेव्हा एका बाजूला नाण्याएवढी जागा उघडी राहिली. वाळू दिसत होती.

"भोक आहे," हेटी म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता. "बघ. भोक आहे. मी सांगितलं होतं."

बाहेर आंटी हुइयाच्या गाडीचा हॉर्न वाजला. मग आंटीच आत आली. तिने मुलीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि दोन्ही बश्यांवर ओला वर्तमानपत्राचा कागद टाकला.

"नको द्यायची तर नको देऊ, बाई," ती हेटीला म्हणाली. "पण तुझा बाप एकटा तिथे जाऊन काय करील ते तूच बघ."

हेटी बशी मांडीवर घेऊन गाडीत बसली.

सभागृहाच्या दाराशी मिसेस क्रॉम्बी पट्टी घेऊन उभ्या होत्या. पंधरा सेंटिमीटरपेक्षा मोठी बशी परत, सातनंतरची बशी परत, फुलाऐवजी पान असलं तर परत. सातला चार मिनिटं होती. हेटी उंबऱ्यावर थांबली आणि तिने बशी रसेलच्या दुसऱ्या हातात दिली.

"ठेवू?" रसेलने विचारलं.

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "नाव खालच्या बाजूला कर," ती म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली.

नाव सगळेच खाली करतात. निकाल झाला की पंच कार्ड उलटतात. पण तिने एवढं म्हटलं हेच रसेलला इतकं झालं की तो आत धावला. ती मन बदलेल, मागून येऊन बशी ओढून घेईल, ही धास्ती. दोन बश्या, दोन कार्डं, दोन टेबलं. मिसेस क्रॉम्बी मागून ओरडत होत्या, "आटपा, मिस्टर टिपेट!" त्याने आटपलं.

शनिवारी दहा वाजता दारं उघडली. हेटी आत यायला तयार नव्हती. ती घोड्यांच्या रिंगणाशी उभी राहिली, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून. "तू बघून ये. वाईट असेल तर सांगू नकोस."

रसेल आत गेला. एकवीस वर्षं या गावात राहून तो प्रदर्शनाच्या दिवशी या सभागृहात कधी आला नव्हता. त्या दिवशी मैदानावर इतके तात्पुरते मांडव आणि बाकांचे मजले उभे राहत की तो दिवसभर तेच तपासत फिरायचा. आत हेटीला घेऊन फिओना यायची. दहा वर्षांखालच्या मुलांच्या टेबलाशी तो पोहोचला, आणि पहिलं त्याला उलटलेलं कार्ड दिसलं: हेटी टिपेट. त्यावर निळी फीत.

रसेल जन्माने समुद्रापलीकडच्या क्वीन्सलँडचा. तिकडे निळी फीत म्हणजे पहिला नंबर. लहानपणी त्याच्या चुलत्याच्या बैलाला मिळालेली निळी फीत घरात देवासारखी टांगलेली होती.

"पहिला!" रसेल ओरडला. सभागृहात केक बघत असलेल्या सगळ्या बायका वळल्या. "पहिला नंबर! माझ्या मुलीचा पहिला नंबर!" त्याने मिसेस क्रॉम्बींना मिठी मारली. त्यांना कोणी मिठी मारल्याचं गावात कोणाच्या आठवणीत नव्हतं. मग तो बाहेर धावला, हेटीला बाहीला धरून आत आणलं आणि गर्दी बाजूला करत टेबलाशी नेऊन उभं केलं. "बघ! वाच!"

हेटीने वाचलं. मग बशी पाहिली. मग ती अगदी हळू म्हणाली, "डॅड, निळी म्हणजे दुसरा."

"काय?"

"लाल पहिला. निळा दुसरा."

"इकडे लाल, मिस्टर टिपेट," मिसेस क्रॉम्बी केस सारखे करत म्हणाल्या. "समुद्रापलीकडे निळा."

"आणि ही बशी तुझी आहे," हेटी म्हणाली.

पंचेचाळीस अंशांवर एक, असे आठ झेंडू. खाली पंचांची चिठ्ठी: 'वयाच्या मानाने हात फार स्थिर आहे. पुढच्या वर्षी जरा मोकळेपणाने कर, बाळ.'

मागे कोणीतरी फसकन हसलं. तिसऱ्या नंबरच्या मुलाची आई शेजारणीला म्हणाली, आणि हळू म्हणण्याचा तिने काही प्रयत्न केला नाही, "बापाने करून दिली. तरीच म्हटलं." आर्ची लोणच्यांच्या टेबलाशी उभा होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

रसेलचे कान तापले. एकवीस वर्षं या लोकांचे जिने, ओटे, छपरं त्याने नापास केली होती, आणि ते सगळे इथे होते. त्याला सांगायचं होतं की मी फसवलेलं नाही, बश्यांची अदलाबदल झाली, वेळ कमी होता. पलीकडे मोठ्यांच्या टेबलावर, गावातल्या आज्यांच्या बश्यांच्या मधे हेटीची बशी होती. भोक भिंतीकडे नव्हतं, लोकांकडे होतं. फीत नव्हती. चिठ्ठी होती: 'रंग चांगले. एका जागी वाळू दिसते.'

हेटीने ती चिठ्ठीही वाचली. रसेल तिच्या हातांकडे बघत होता. आता ती बशी उचलेल, डब्यात उलटी करील, आणि मग कागदांवर नावसुद्धा लिहिणार नाही.

"घरी जाऊ," तो म्हणाला. "बाजूच्या दाराने."

हेटी बशीकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. "तू म्हणाला नाहीस."

"काय?"

"चुकलं, हरकत नाही."

"आहे हरकत," रसेल म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "खूप हरकत आहे, हेटी. मला आत्ता कुठेतरी जाऊन लपावंसं वाटतंय."

हेटीच्या कपाळावरची आठी गेली. चार आठवड्यांत पहिल्यांदा. "मग पाव करपला तेव्हा?"

"मुद्दाम. मिस ओडोनलनी सांगितलं होतं."

"मोजे? चष्मा?"

"मुद्दाम."

"म्हणजे तुला लॅकलनसारखं नाही होत?"

"नाही ग."

तिने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरच्या पाकळ्या हलल्या. रसेलला तेव्हा कळलं की ती साडेपाचला का उठत होती. एक माणूस घरातून गेलेलं होतं. दुसऱ्यावर ती पहारा देत होती.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "खरी. कचेरीत. एका कठड्याचं माप चुकलं माझं. वीस मिलिमीटर. बुधवारी कळलं. तुला सांगितलं नाही."

"कधी मोजलं होतंस?"

"एकवीस ऑगस्टला."

हेटीने मान हलवली. फिओना गेली त्या आठवड्याचं दोघांनाही काही सांगायला नको होतं. मग ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये मी दात घासले नव्हते. आठवडाभर. ब्रश नुसता ओला करून ठेवायचे. तुला कळलंच नाही."

"नाही कळलं."

"रडलास? बुधवारी?"

"थोडा. गाडीत."

"मी शाळेच्या बाथरूममध्ये रडते," हेटी म्हणाली. "तिथे पंखा असतो. ऐकू नाही येत."

रसेलने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मिसेस क्रॉम्बी नियमांचं पुस्तक घेऊन आल्या. दोन्ही बश्या चुकीच्या गटात, म्हणून दोन्ही बाद. निळी फीत परत द्यायची. मुलीची बशी हवी तर मुलांच्या टेबलावर ठेवता येईल, पण नुसती बघण्यासाठी. नाहीतर घरी न्या.

"काय करायचं?" त्यांनी रसेलला विचारलं. रसेलने हेटीकडे पाहिलं आणि महत्प्रयासाने गप्प राहिला.

हेटीने बशी उचलली. गर्दीतून, दोन्ही हातांत धरून ती निघाली. अर्ध्या वाटेत कोणाचं तरी कोपर लागलं, एका बाजूची वाळू घसरली आणि एक डेलिया खाली पडला. नाण्याएवढी उघडी जागा आता चतकोर बशीएवढी झाली. सगळी केकवाली मंडळी बघत होती. हेटी थांबली. तिने खाली वाकून फूल उचललं, स्वेटरला पुसलं आणि वाळूत खुपसलं. मूळच्या जागी नाही, जिथे बोट गेलं तिथे. ते वाकडंच उभं राहिलं. मग तिने बशी टेबलावर बाकीच्या बश्यांच्या मधे ठेवली, कार्ड हातात घेतलं आणि नाव वर करून टेकवलं.

"झालं," ती म्हणाली आणि ओले हात स्कर्टला पुसले.

तेवढ्यात मैदानावरचा कर्णा खरखरला. सगळ्या मैदानाला, घोड्यांना, मेंढ्यांना आणि बाकांच्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कोणीतरी कागद वाचला: "दहा वर्षांखालील मुलांच्या गटात दुसरा क्रमांक मिळवणारे मिस्टर रसेल टिपेट यांनी आपली फीत परत करण्यासाठी ताबडतोब कचेरीत यावे."

बाहेर हशा पिकला. आतही पिकला. रसेलने फीत मुठीत धरली. कचेरी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

"मी येऊ?" हेटीने विचारलं. तिचे खांदे आधीच हलायला लागले होते. "पण मला हसू येईल. खूप."

"येऊ दे," रसेल म्हणाला. "सगळ्या गावाला येतंय. तू एकटी कशाला मागे राहतेस?"